पोपटी काठ

परतवाड्याच्या लग्नवाल्या फोटोग्राफरकडून
प्रोजेक्टर आणला, भाडं सहाशे,
अनामत म्हणून माझ्या मोटारसायकलची कागदं.
चर्चच्या मागच्या भिंतीवर चादर ताणली.
चादरीला मधोमध एक ठिगळ होतं,
सिनेमाभर ते कुणाच्या ना कुणाच्या गालावर येत राहिलं.

दोन हिवाळ्यांमागे ते आले होते
वर, चिखलदऱ्याला, अकरा गाड्या घेऊन.
नाताळचा सिनेमा, घरच्यांनी मिळून बघायचा.
बर्फ हवा होता. आपल्याकडे बर्फ कुठला,
फार तर दंव पडतं पहाटे, तुरीवर.
मग अकोटच्या जिनिंगमधून ट्रकभर कापूस आला
आणि बंगल्याच्या कौलांवर, सुरूच्या झाडांवर
आम्हीच चढून तो पसरला.
फिलिपकाका म्हणाला, जन्मभर झाडावरून काढला,
चढवायची पहिलीच वेळ.

कागदावर लिहिलं होतं, गावकरी चाळीस.
चाळीस जण न्हाऊन-धुऊन, नवे कपडे घालून
पिकअपमधून उतरले. नाताळ आहे म्हणाले होते ना.
सलोमीमावशीचं धारणीच्या बाजारातलं
पोपटी लुगडं, घडी पहिल्यांदा मोडलेली.
टोपीवाला पोरगा आमच्याकडे बघतच राहिला.
मग फोनवर कुणाला तरी म्हणाला,
ये लोग तो बहुत...
पुढचा शब्द सापडला नाही त्याला.
पोत्यातून घोंगड्या निघाल्या,
मापानं फाडलेल्या, चहाच्या पाण्यात मळवलेल्या.
मावशी म्हणाली, "लुगडं नाई काढत मी.
वरून घेतो पांघरून."

सिनेमातल्या घरात सगळे होते.
एक सून केरळची, एक जावई शीख,
चाकाच्या खुर्चीतली एक तिखट पोरगी,
शेजारचे चाचा दर वेळी केक घेऊन यायचे.
खोटं कशाला बोलू, बरं वाटलं बघताना.
खुर्चीतल्या पोरीनं भावाला शर्यतीत हरवलं
तेव्हा आमचा जोएल शिट्टी मारत उठला
आणि पडद्यावर त्याची सावली पडली,
कुबडीसकट.

आम्ही आलो एक तास सदतिसाव्या मिनिटाला.
घरातली माणसं डोंगरात येतात ब्लँकेटं वाटायला.
नवी ब्लँकेटं, शूटिंग झाल्यावर
मोजून परत घेतलेली.
शेकोटीभोवती चाळीस जण, धूसर.
कोरकूतलं आमचं गीत तीनदा म्हणवून घेतलं होतं,
त्या जागी व्हायोलिन.
तोंडं आमची हलत होती.
छोट्या तबीथानं विचारलं, "आपण मुके हाओ का याच्यात?"
कुणी हसलं नाही,
मग सगळेच हसले, जरा जास्तच.
पुढे आलेला एक हात फिलिपकाकाचा की येशूदासचा
यावर वाद झाला. दोघंही सोडायला तयार नाहीत.

तेवढ्यात मावशी ओरडली, "थांबव! मांगं घे."

घेतलं मागं. पुन्हा पुढं. पुन्हा मागं.
ब्लँकेट घ्यायला ती वाकते,
फाटकी घोंगडी खांद्यावरून घसरते
आणि खाली, कापसाच्या बर्फावर,
वीतभर पोपटी काठ.
पुरता एक सेकंदही नाही.
कापणाऱ्याच्या नजरेतून सुटला असेल,
किंवा आवडला असेल त्याला. कोण जाणे.

तिथंच थांबवला.
जनरेटरात डिझेल बेताचं होतं,
त्यामुळे शेवट राहिलाच. त्या घरातलं भांडण
मिटलं की नाही, अजून माहीत नाही.
लेकरं एकेक करून चादरीपाशी गेली,
काठावर बोट टेकवून आली.
तबीथा दोनदा गेली.

मावशी सगळ्यात शेवटी उठली.
कमरेवर हात ठेवून, मान तिरपी करून
बराच वेळ बघत राहिली.
"रंग बराबर नाई आला," म्हणाली.
"याच्याहून गंज हिरवा होता थो."